भित्रा मुकादम

केदारी मुकादमाच्या टोळीतलं कुणी कधी मेलं नाही. आमच्या खात्यात याची कुठेही नोंद नाही, कारण तक्त्यात मेलेल्यांसाठी रकाना होता, न मेलेल्यांसाठी नव्हता. तो तक्ता मीच भरत असे, म्हणून सांगतो.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची काही वर्षं मी लोणावळ्याला आरोग्य खात्याच्या एका लहानशा कचेरीत कारकून होतो. पुण्याहून आलेली परिपत्रकं उतरवून घेणं आणि ती वाचता न येणाऱ्यांपर्यंत पोचवणं, हे माझं काम. लोणावळ्याची हवा खायला मुंबईहून बडी माणसं येत. त्याच हवेत, बंगल्यांच्या ओळीपासून चार-सहा कोसांवर, मावळातल्या गावांत उन्हाळ्याला पटकी, म्हणजे कॉलरा, येई. विहिरी तळाला गेलेल्या असत, आणि उरलेल्या पाण्यात माणसं, गुरं आणि धुणी सगळ्यांचा वाटा असे. तिथली हवा खायला कुणी येत नसे. तिथे आमच्या टोळ्या जात.

टोळीत एक मुकादम आणि चार गडी. सामान म्हणजे पोहरा, दोर आणि काळ्या-जांभळ्या खड्यांचा डबा. खडे पोहऱ्यात विरघळवायचे, पोहरा विहिरीत सोडायचा आणि वरखाली घुसळायचा. पाणी गुलाबी होई. लोक त्याला लाल दवा म्हणत. पुस्तकात लिहिलं होतं की दवा टाकल्यावर रात्रभर पाणी काढू नये. सकाळी गुलाबी छटा टिकली असेल तर पाणी चांगलं, रंग गेला असेल तर दवा कमी पडली, पुन्हा टाकावी. परिपत्रकात लिहिलं होतं की एका टोळीने दिवसाला पंधरा विहिरी कराव्यात. पुस्तक आणि परिपत्रक एकाच छापखान्यातून येत, पण त्यांची आपसांत ओळख नसावी.

खरी अडचण पुढेच होती. सरकारी माणसाने विहिरीत जांभळे खडे टाकले की गाव विचारी, "हे काय टाकलंत?" औषध आहे म्हटलं की गाव म्हणे, "मग प्या." यात गावाचं काही चुकत होतं असं मला कधी वाटलं नाही. सरकारने न मागता दिलेली वस्तू आधी सरकारी माणसाने चाखावी, ही साधी सावधगिरी झाली. तेव्हा दवा टाकल्याबरोबर, गावासमोर, टोळीतला एक गडी त्याच विहिरीचं तांब्याभर पाणी पिऊन दाखवी. गावाचं समाधान होई, टोळी पुढच्या विहिरीकडे जाई. ज्या पाण्याने गावातली चार माणसं नेली, ते पाणी दवेचं काम सुरू व्हायच्या आत पोटात घ्यायचं, ही पद्धत कुणी ठरवलेली नव्हती. ती पडली होती. पडलेली पद्धत बदलायला आमच्याकडे कुठला अर्जच नव्हता.

मी नोकरीला लागलो त्या उन्हाळ्यात त्या पद्धतीने बारकू नावाचा एक गडी गेला. केदारी तेव्हा त्याच टोळीत साधा गडी होता. ही हकिकत त्याने मला एकदाच सांगितली, कामशेतच्या फलाटावर गाडीची वाट बघताना.

"अकरा इहिरी झाल्या व्हत्या. बाराव्या इहिरीवर पाळी माजी व्हती. मी म्हनलं, बारक्या, माज्या पोटात जागाच न्हाई. त्यो म्हनला, आन हिकडं. हसत हसत प्याला. तिसऱ्या दिशी गेला."

अशा वेळी जे म्हणतात ते मी म्हणालो.

"पोटात जागा न्हवती म्हनून मी ऱ्हायलो, भाऊसायेब. त्यात माजी हुशारी काय न्हाई."

खात्याने बारकूच्या घरी पत्र पाठवलं. कर्तव्याच्या रणांगणावर तो धारातीर्थी पडला, असं त्यात होतं. मसुदा माझा नव्हता, अक्षर माझं होतं. ते वाचून दाखवायला केदारी मलाच घेऊन गेला. बारकूच्या बायकोने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि केदारीला विचारलं, "म्हंजे पानी पिऊन मेला, आसंच ना?"

"व्हय," केदारी म्हणाला.

ते पत्र मी दीड पानांत लिहिलं होतं.

जुना मुकादम त्या पावसाळ्यात नोकरी सोडून गेला, आणि उरलेल्यांत वयाने मोठा म्हणून केदारीला मुकादम केलं. बुटका, आखूड मानेचा, पन्नाशीतला माणूस. अंगात कुणा गार्डाचा जुना काळा कोट, बटणं नसलेला, आणि काखेत बारा महिने छत्री. बैल दिसला की शेतातून वळसा घालून जाई. रूळ ओलांडताना सिग्नल पडलेला असला तरी थांबे, उचललेला असला तरी थांबे. मावळातली माणसं काट्याकुट्यांतून अनवाणी गडावर जाऊन मोळ्या आणणारी. त्यांना हा प्रकार नवा होता. कामशेतच्या बाजारात त्याला 'भित्रा मुकादम' म्हणत, तोंडावर म्हणत, आणि तो "व्हय" म्हणे.

मुकादम झाल्यावर त्याने काही नियम केले. कागदावर नाहीत, कारण त्याला लिहिता येत नव्हतं. म्हणूनच ते पाळले गेले असावेत. सकाळच्या गाडीला गडी फलाटावर जमले की तो एकेकाची जीभ बघे, बाजारात बैलाचे दात बघतात तशी, आणि मग मोठ्यांदा विचारी, "पोट कसं हाय? बांदून हाय का पानी?" शेजारी पहिल्या वर्गाची माणसं उभी असत. एकदा एका बाईंनी स्टेशनमास्तरकडे तक्रार केली. मास्तरांनी केदारीला समज दिली. दुसऱ्या दिवशी केदारीने फलाटाच्या टोकाला जाऊन विचारलं, आणि गडी इकडे उभे असल्यामुळे आणखी मोठ्यांदा विचारलं.

दुसरा नियम, प्रत्येकाने घरून उकळलेलं पाणी बाटलीत न्यायचं आणि दिवसभर तेच प्यायचं. बाटल्या त्याने लोणावळ्याच्या बंगल्यांतल्या खानसाम्यांकडून मागून आणल्या. त्या विलायती दारूच्या होत्या. महिन्याभरात पुण्याहून विचारणा आली की आपली टोळी भर उन्हात गावोगाव दारू पीत हिंडते हे खरं काय. मी उत्तर लिहिलं की बाटल्यांत पाणी आहे. उलट टपाली पत्र आलं की तसं असल्यास दारू कुठे गेली, याचा खुलासा करावा.

तिसरा नियम दुपारच्या झोपेचा. जेवण झालं की गड्यांनी झाडाखाली दोन घटका पडायचंच. कुणी "मला झोप न्हाई येत, आबा" म्हणालं तर केदारी म्हणे, "डोळं मिट. मी कुटं इचारतोय झोप आली का." त्याचं म्हणणं, दमलेला गडी तहानलेला असतो आणि तहानलेला गडी दिसेल ते पितो. हे त्याला कुठल्या परिपत्रकातून कळलं नव्हतं.

आणि चौथा नियम असा की दवा टाकलेल्या विहिरीचं पाणी टोळीतलं कुणी दुसऱ्या सकाळपर्यंत पिणार नाही. गाव काहीही म्हणो. "पानी कच्चं हाय," एवढंच सांगायचं. याचा अर्थ प्रत्येक विहिरीवर दोनदा जायचं. टोळीच्या दिवसाला पाच विहिरी व्हायला लागल्या. गावाची विहीर वेगळी आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीची वेगळी. पटकीला हा फरक कुणी शिकवलेला नव्हता, पण आमच्या तक्त्यात वस्तीच्या विहिरी मोजायची पद्धत नव्हती. केदारी त्याही करी, त्यामुळे तक्त्यात पाचाच्याही चारच दिसत. जिल्ह्यात आमचा नंबर शेवटून पहिला आला. तो मुकादम झाल्यापासूनच्या तिसऱ्या उन्हाळ्यात मोठे साहेब स्वतः बघायला निघाले.

साहेब वाईट नव्हते. अंगाने किरकोळ, कामाला वाघ, आणि भाषणाची आवड. कामशेतपर्यंत मोटार, पुढे पवनेच्या बाजूला बैलगाडी, आणि तक्ता घेऊन मी बरोबर. गावाचं नाव सांगत नाही. तिथले लोक अजून मला ओळख देतात. गावात आठवड्याभरात सहा माणसं गेली होती. टोळीने गावविहिरीत दवा घुसळली आणि साहेबांनी काठावर उभं राहून गड्यांना सांगितलं की तुम्ही आरोग्याचे शिपाई आहात, आणि शिपाई छातीवर वार झेलतो. गड्यांपैकी चिंधू म्हणून डोंगरातल्या वाडीवरचा एक तरुण गडी होता, तो हे तोंड उघडं टाकून ऐकत होता. लग्न नुकतंच झालेलं, त्यामुळे त्याला कुठलंही भाषण पटे.

गावाने नेहमीप्रमाणे म्हटलं, "मग प्या."

"उद्या सकाळी पिऊ," केदारी म्हणाला.

साहेबांनी विचारलं, "आत्ता का नाही?"

"पानी कच्चं हाय, सायेब."

"अहो, आज अजून तीन गावं व्हायची आहेत. तुम्ही घाबरलेले दिसलात की लोक घाबरणारच. द्या तो तांब्या. मी पितो."

साहेबांनी चिंधूच्या हातातून भरलेला तांब्या घेतला. साहेबांच्या बाजूने एक सांगायला हवं. ते खरोखरच प्यायले असते. तांब्या ओठांना लागणार एवढ्यात केदारीने छत्री फिरवली. तांब्या उडाला, पायरीवरून ठणठणत विहिरीत गेला आणि गुलाबी पाणी साहेबांच्या पाटलोणीवर सांडलं.

"न्हाई सायेब," केदारी म्हणाला. "तुमी बी कामावरलं मानूस. कामावरलं मानूस हे पानी पिनार न्हाई."

"माझ्यावर हात उगारतोस?"

"हात न्हाई, सायेब. छत्री."

हे त्याने उद्धटपणाने म्हटलं नव्हतं. त्याला वाटलं साहेबांचा बघण्यात घोटाळा झालाय. पण तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "बगितलं का? सायबाला बी पिऊ दिलं न्हाई! इख हाय त्यात!" आणि गाव एकदम पुढे सरकलं. पारूमावशी म्हणून एक म्हातारी होती, चार दिवसांपूर्वी तिची सून गेली होती. ती केदारीच्या समोर येऊन उभी राहिली.

"ह्याच पान्यानं माजी सून गेली म्हनता. आता त्यात आनखी काय टाकलंत रं, मुडद्यांनो?"

"दवा हाय, मावशी. उद्या सकाळी रंग ऱ्हायलेला असला तर मी सोता पितो. तवर तुमी बी पिऊ नका."

"आन काय प्यायचं तवर? तुजं तोंड?"

खालच्या मळ्यात एक विहीर होती. तिच्या मालकाने दोन दिवस आधी टोळीकडून गुपचूप दवा टाकून घेतली होती, पण गावात कबूल केलं नव्हतं. ते त्याला आता करावं लागलं. गाव शिव्या देत अर्ध्या कोसावरून पाणी आणायला गेलं. साहेब बैलगाडीतून परतले. गाडीत माझ्यासाठी जागा उरली नाही, म्हणून पुढचं मला बघायला मिळालं.

केदारीने विहिरीच्या तोंडावर बोरीच्या फांद्या टाकल्या आणि टोळी पाळीपाळीने राखणीला बसवली. सकाळी सगळं गाव जमलं. मेलेल्यांच्या घरचे पुढे होते. केदारीने फांद्या काढल्या, पोहरा ओढला आणि पाणी बघितलं.

रंग गेला होता. पाणी निवळशंख. गावाला वाटलं, वा, छान झालं. विहिरीतली घाण सगळी दवा खाऊन बसली आहे, हे फक्त टोळीला आणि मला कळत होतं.

चिंधू त्याच्या कानाशी गेला. "आबा, मी पितो. एका तांब्यानं काय हुतंय? न्हाई प्यालो तर हे लोक आता कदीच दवा टाकू देनार न्हाईत."

त्याचं खरं होतं. गावाने दार लावलं की पुढची माणसं मरणार, हेही खरं होतं. त्या क्षणी मला स्वतःला वाटलं, प्यावं कुणीतरी आणि संपवावं. मी पिणार नव्हतो, हे सांगायला नकोच.

केदारीने चिंधूच्या हातातला दुसरा तांब्या काढून आपल्या कोटाच्या खिशात घातला. मग गावाकडे वळून म्हणाला, "पानी अजून कच्चं हाय. मी पिनार न्हाई. आमच्यातलं कुनीच पिनार न्हाई. आज पुन्ना दवा टाकतो."

जे व्हायचं ते झालं. हसले, थुंकले, एकाने ढेकूळ मारलं ते माझ्या टोपीला लागलं. पारूमावशी तेवढी हसली नाही.

"येवढा जिवाला जपतोस व्हय रं?"

"व्हय, मावशी."

"लाज न्हाई वाटत? बाप्या मानूस तू."

"वाटती की. पन माजा एक गडी असाच गेलाय. कच्चं पिऊन."

म्हातारी डोक्यावर रिकामी घागर घेऊन मळ्याच्या वाटेला लागली. तिच्यामागे बाकीच्या बाया गेल्या.

तिसऱ्या सकाळी केदारीने पोहरा ओढला तेव्हा पाण्यात गुलाबी छटा होती, नव्या लुगड्याचा रंग पहिल्या धुण्यात उतरावा तेवढीच. त्याने ती प्रत्येक गड्याला दाखवली. मलाही दाखवली. तांब्या राखेने घासून घेतला, वास घेतला, पुन्हा घासला. गाव कंटाळून गेलं. मग कोटाच्या बाहीने ओठ पुसून त्याने तांब्या तोंडाला लावला आणि सगळा प्याला.

पारूमावशीने घागर पुढे केली. "भर रं हिच्यात."

कुणी म्हातारीला अडवायला गेलं. ती खेकसली, "सर बाजूला. काल-परवा ह्यो जिवाच्या भ्यानं पीत न्हवता. आज प्याला. तवा आज पानी चांगलं हाय. तेवडं कळतं मला."

या युक्तिवादात मला आजवर कुठे खोट सापडलेली नाही. छातीवर वार झेलणाऱ्याने पाणी प्यायलं तर त्यावरून पाण्याविषयी काहीच कळत नाही. त्या विहिरीने पुढे कुणाला नेलं नाही.

साहेबांच्या अहवालात केदारीसाठी तीन शब्द होते: उद्धट, मंद आणि भित्रा. हंगाम संपताच त्याला कमी केलं. पुढच्या उन्हाळ्याला नवा मुकादम आला, उंचापुरा, छाती पुढे काढून चालणारा, दिवसाला पंधरा विहिरी करीन म्हणणारा. पहिल्या आठवड्यात त्याच्या तीन झाल्या. तो जिथे जाई तिथे गाव म्हणे, "त्यो भित्रा कुटाय? त्यो पिऊ दे, मग बगू." बातमी पवनेच्या काठाने वरखाली सगळीकडे गेली होती. पटकी वाढत होती. शेवटी साहेबांनी मला फक्त तोंडी सांगितलं, "बोलवा त्याला." लेखी सांगणं त्यांना जड गेलं असावं.

केदारी शेतात कुळव धरून होता. मी निरोप सांगितला. त्याने कुळव थांबवला नाही. मी बरोबर चालत राहिलो.

"येतो की. पन दुपारची झोप कागदावर पायजे."

"कागदावर कशाला? तुम्हाला तर वाचता येत नाही."

"मला न्हाई येत. सायबाला येतं ना?"

पंधरा दिवसांनी परिपत्रक निघालं. 'विहिरीच्या पाण्याचे प्रात्यक्षिक पान औषधोपचारानंतर बारा तासांच्या आत करू नये, तसेच कर्मचारीवर्गास मध्यान्ही पुरेशी विश्रांती द्यावी.' खाली साहेबांची सही. केदारीचं नाव कुठे नव्हतं. मी ते त्याला वाचून दाखवलं, तर त्याने 'कर्मचारीवर्ग' म्हणजे कोण ते विचारलं. मी सांगितलं, तुम्ही. त्याला ते फारसं पटलं नाही.

त्या उन्हाळ्याच्या अखेरीस माझी बदली सोलापूरला झाली. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मला शेवटचं काम मिळालं. पाहुणे येणार होते, कुणीतरी फार मोठे, आणि पटकीशी झुंजणाऱ्या सगळ्या टोळ्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता लोणावळ्यात स्वच्छ कपड्यांत सत्कारासाठी आणि फोटोसाठी हजर राहायचं होतं. कागदाच्या डोक्यावर 'अत्यंत तातडीचे' असं तांबड्या शाईत होतं. केदारीची टोळी परंदवडीच्या शिवारात होती. मी स्टेशनवरून उन्हातून चालत तिथे पोचलो तेव्हा दोन वाजले असतील.

आंब्याच्या झाडाखाली चारही गडी मेल्यासारखे पडले होते. सकाळपासून तीन विहिरी आणि वस्तीची एक झाली होती. चिंधूचं डोकं दोराच्या वेटोळ्यावर होतं. केदारी एकटा जागा, बुंध्याला टेकून बसलेला. मला बघून त्याने ओठांवर बोट ठेवलं. मी जवळ जाऊन बसलो. त्याचे डोळे लाल होते.

मी हळूच विचारलं, "तुम्ही नाही झोपत?"

"कुनीतरी जागं पायजे. येकांदा तहानेनं उठतो, झोपेतच. बाटली रिकामी असती. इहीर ही समोर." त्याने हनुवटीने दाखवली. सकाळीच दवा टाकलेली विहीर पन्नास पावलांवर होती.

"चार वर्षांत एकदाही नाही झोपलात?"

तो म्हणाला, "हिवाळ्यात झोपतो."

मी म्हणालो, "मी बसतो. कुणी उठलं तर बघतो."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, माझी जीभ बघावी की काय अशा बेताने. "जाल न्हाई ना सोडून?"

"नाही."

"उकळल्यालं पानी हाय का जवळ?"

मी दाखवलं. त्याने बाटली हातात घेऊन बूच काढलं, आतून बघितलं, परत दिली. मग कोट काढून घडी केली, डोक्याखाली घेतली आणि आडवा झाला. मी आणखी काही बोलेन म्हणून त्याच्याकडे बघितलं तर तो झोपला होता. तोंड उघडं, एक हात पोटावर, दुसरा बाजूच्या गड्याच्या दंडावर.

तो मला पुन्हा भेटला नाही. सत्काराचा तो फोटो मी पुढे एकदा पाहिला. त्यात साहेब आहेत, पाहुणे आहेत, उंचापुरा मुकादम आहे, आणि डावीकडे पाच माणसांएवढी मोकळी जागा आहे.

चिंधू मध्ये एकदा उठून बसला. मी बाटली पुढे केली. तो प्याला आणि परत पडला. ऊन झाडाखालून सरकत केदारीच्या पायांवर आलं, तेव्हा मी त्याची छत्री उघडून पायांवर धरली. पाचच्या सुमारास लांबून माझ्या परतीच्या गाडीची शिट्टी ऐकू आली. मी हललो नाही. खिशातला कागद तसाच अत्यंत तातडीचा होता.